हौस आणि हिशेब : सोमाटण्याच्या कापड दुकानातला धडा



या महिन्याच्या बैठकीत वाचायचा धडा हिशेबाचा आहे. हिशेब म्हटलं की निम्म्या ताया जांभया देतात आणि उरलेल्या घड्याळाकडे बघतात, हे मला आता तीन वर्षांच्या अनुभवाने माहीत झालंय. म्हणून यावेळी वहीपासून सुरुवात न करता एका दुकानापासून करू. दुकान आहे सोमाटणे फाट्याजवळ, आपल्याच एका गटातल्या काकींचं. कापड, अस्तर, लेस, हुक, रीळ, आणि आत दोन शिलाई मशीन. नाव छापू नको, असं त्यांनी सांगितलंय. "काम छाप, नाव कशाला?" म्हणाल्या. तेव्हा आपणही त्यांना नुसतं काकीच म्हणू. धड्यातले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

काकींचा दिवस

सकाळी साडेनऊला शटर वर जातं. हायवेवरची धूळ रात्रीत पुन्हा बसलेली असते, त्यामुळे आधी फडकं, मग उदबत्ती, मग मशीनला दोन थेंब तेल. तेल घातल्यावर काकी एक चिंधी शिवून बघतात. "नाहीतर पहिल्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर तेलाचा डाग," त्या म्हणतात. दहापर्यंत फॉल-पिकोच्या साड्या येतात. दुपारी शांत असतं, तेव्हा कटिंग. संध्याकाळी तळेगाव एमआयडीसीतून सुटलेल्या मुली येतात, त्यांना सगळं उद्याच हवं असतं.

कामाच्या सवयी पाहण्यासारख्या आहेत. फॉल आणि सुती अस्तर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री केल्याशिवाय त्या कधी लावत नाहीत. कोरा फॉल तसाच लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीचा काठ खालून गोळा होतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, शिवण वाईट. पातळ कापडाला ११ नंबरची सुई, नेहमीच्या सुतीला १४, जाडाला १६, असं मशीनच्या बाजूला खडूने लिहून ठेवलंय. कापड बेतताना त्या आधी उभा धागा कुठला ते बघतात. ताण्याच्या दिशेने कापड कमी ताणतं, आडवं थोडं ताणतं, आणि उरेब म्हणजे तिरकं सगळ्यात जास्त ताणतं. गळ्याची पट्टी म्हणूनच उरेब कापायची. मापाची टेप जुनी झाली की ती ताणली जाते आणि खोटं बोलायला लागते, म्हणून दर दिवाळीला नवी टेप. कापड मोजायची मीटरपट्टी मात्र वैधमापन विभागाच्या शिक्क्याची. तुमच्यापैकी कोणी कापड विकत असेल तर पट्टीवर शिक्का आहे का, आज घरी गेल्यावर बघा.

मावळातल्या दुकानाचं वर्ष भाताबरोबर फिरतं. जूनमध्ये शाळेचे गणवेश. मग आवणी सुरू झाली की बायका गुडघाभर चिखलात, दुकानात कोणी फिरकत नाही. पाऊस असा की शिवलेलं वाळत नाही आणि ठेवलेल्या कापडाला कुबट वास धरतो. काकी फळ्यांवर कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवतात आणि उघडीप मिळाली की तागे उलगडून वारा देतात. श्रावण, गौरी-गणपती, दसरा-दिवाळी हा पहिला हंगाम. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, ती मे महिन्यापर्यंत. पैसा येतो तो या महिन्यांत, भाडं मात्र बारा महिने द्यायचं असतं.

काकींची हौस

आता गंमत सांगते. काकींना शिवणकाम येतं, पण त्यांचा जीव आहे कापडात. काउंटरच्या खणात त्यांची एक जाडजूड वही आहे. तिच्यात पानापानावर दोन बोटांएवढे कापडाचे तुकडे चिकटवलेत. प्रत्येकाखाली लिहिलेलं असतं : कुठून आणलं, काय भावाने, पन्हा किती, धुतल्यावर वीतभर तुकडा किती आटला, रंग गेला का. दुकान उघडलं तेव्हापासूनची ही वही आहे. एकदा मी विचारलं, "काकी, ही कशाला?" तर म्हणाल्या, "तू फोटोंचा अल्बम ठेवतेस ना, तसा माझा हा."

माल आणायला त्या तळेगावहून लोकल धरतात. कधी पिंपरीला उतरून कॅम्पातल्या कापड बाजारात, कधी पुण्यात रविवार पेठेत लेस, झिप, बटणांच्या घाऊक दुकानांत. एकदा मी सोबत गेले होते. दुकानदार तागा उलगडतो तेव्हा काकी आधी भाव विचारत नाहीत. कापड मुठीत घट्ट दाबतात, सोडतात, चुरगळलं किती ते बघतात. उजेडाकडे धरतात. काठाचा एक धागा ओढून घेतात आणि पिशवीत टाकतात. घरी आल्यावर तो धागा ताटलीत चिमट्याने धरून पेटवायचा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख मऊ पडते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. अस्सल रेशीम केस जळल्यासारखं वासतं. "प्युअर कॉटन" म्हणून विकलेलं निम्मं कापड या ताटलीत नापास होतं! ही परीक्षा तुम्हीही करू शकता. फक्त एकच धागा घ्या, मुलं लांब ठेवा आणि शेजारी पाणी ठेवा.

खणाचं कापड म्हणजे तर त्यांचा वीक पॉइंट. आपल्या आज्यांच्या चोळ्या ज्या खणाच्या असायच्या, तो खण विणण्यासाठी कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे गाव नावाजलेलं आहे. काकींच्या आईच्या चोळीचा एक तुकडा वहीच्या पहिल्या पानावर आहे. त्याखाली भाव लिहिलेला नाही.

फळीवर बसलेला पैसा

दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीच्या आधी काकींनी गटातून ३०,००० रुपये कर्ज घेतलं, माल भरायला. मी तेव्हा नवी होते. दुकानाला भेट दिली, फळ्या छतापर्यंत भरलेल्या पाहिल्या, रंगांची नुसती जत्रा. मी फॉर्मवर लिहिलं : "दुकान भरलेलं आहे, व्यवसाय उत्तम." खाली सही केली. समाजकार्याची पदवी घेतलेली मी, पण भरलेली फळी म्हणजे भरलेला गल्ला नव्हे, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लांबला, आवणी लांबली, बायकांच्या हातात पैसा नव्हता. बऱ्याच जणींनी मोबाइलवरून तयार ब्लाउज मागवले. शिलाईचं काम थोडंफार आलं, पण कापड हललं नाही. त्यात काकींनी मोहरीच्या रंगाचं एक सुती आणि दोन प्रकारचे खण अख्खे तागे उचलले होते. का? तर "सोडवेना". गिऱ्हाइकांनी मागितलं होतं म्हणून नव्हे, स्वतःला आवडलं म्हणून.

काकींचे लागोपाठ दोन हप्ते चुकले. गटात कोणी काही बोललं नाही, कारण काकी जुन्या सदस्य, शब्दाच्या पक्क्या. तिसऱ्या महिन्याच्या बैठकीत दुसऱ्या एका ताईंनी कर्ज मागितलं. नवऱ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पेटी उघडली, मोजलं, पैसे पुरेना. त्या ताईंनी गळ्यातली पोत गहाण ठेवली. ऑपरेशन झालं, माणूस घरी आला, पुढे पोतही सुटली. पण त्या दिवशी बैठक संपल्यावर काकी उठल्याच नाहीत. सगळ्या गेल्यावर मला म्हणाल्या, "पोरी, तिचे पैसे माझ्या फळीवर होते. पिवळ्या रंगाचे."

ते वाक्य मी विसरलेली नाही. हा धडा लिहायचं कारणही तेच.

आता हिशेब मांडू

एका ताग्याचा हिशेब घेऊ. वहीत सोबत मांडा.

काकींनी ४० मीटर कापड १२० रुपये मीटरने आणलं. खर्च झाला ४,८०० रुपये. विकायचा भाव १६० रुपये. हंगामात २५ मीटर विकलं, म्हणजे गल्ल्यात आले ४,००० रुपये. मीटरमागे ४० रुपये सुटले, २५ मीटरचे १,००० रुपये. काकींना वाटलं, हजार रुपये कमावले.

पण खिशात हात घालून बघा. गेले ४,८००, आले ४,०००. हातात अजून ८०० रुपये कमीच आहेत! मग तो हजारांचा नफा गेला कुठे? तो फळीवर बसलाय. उरलेलं १५ मीटर कापड खरेदीच्या भावाने १,८०० रुपयांचं आहे. ते विकलं जाईपर्यंत नफा कागदावरच.

इथे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट : हंगाम संपता संपता उरलेलं कापड १०० रुपये मीटरने काढून टाकलं. म्हणजे खरेदीपेक्षाही २० रुपये कमी. काकींना हे जिवावर आलं होतं. पण १५ मीटरचे १,५०० रुपये आले. एकूण आले ५,५००, गेले होते ४,८००. ७०० रुपये नफा, तोही रोख.

दुसरी वाट : "तोट्यात कशाला विकू? पुढच्या वर्षी जाईल." दोन वर्षं गेली. घडीवरचा रंग उडाला, फॅशन बदलली, शेवटी ५० रुपये मीटरने गेलं. आले ७५० रुपये. एकूण ४,७५०, म्हणजे ५० रुपये तोटा. आणि ते १,८०० रुपये गटाच्या कर्जाचे असतील तर? शेकडा १ रुपया महिना व्याजाने महिन्याला १८ रुपये, दोन वर्षांचे ४३२. एकूण तोटा ४८२ रुपये. शिवाय दोन वर्षं ते पैसे ना काकींच्या कामाला आले, ना गटातल्या दुसऱ्या कोणाच्या.

खरेदीच्या भावापेक्षा कमी किमतीला विकणं प्रत्येक वेळी तोट्याचं नसतं, आणि माल धरून ठेवणं फुकट नसतं. आपल्याला फक्त एका मीटरचा भाव दिसतो, बघायचा असतो अख्खा तागा. पापडाचं पीठ असो, मसाला असो, बांगड्या असोत, गणित हेच. फक्त मसाल्याचा वास उडतो आणि कापडाचा रंग.

काकींनी स्वतःला घातलेले नियम

पुढच्या चार महिन्यांत काकींनी दुकान रिकामं करायला घेतलं. मोठ्या ताग्यांचे ८० सेंटीमीटर आणि एक मीटरचे तुकडे केले आणि ब्लाउजपीस म्हणून ओटीला, संक्रांतीच्या वाणाला विकले. मोहरी रंगाच्या कापडाचे लहान मुलींचे फ्रॉक आणि बाजाराच्या पिशव्या शिवल्या. कात्रणांची गोधडी झाली. हप्ते पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून चार नियम दुकानात चालतात :

१. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फळी मोजायची. प्रत्येक ताग्याला चिठ्ठी : कधी आणला, किती मीटर, किती उरला. सहा महिने झालेला तागा खालच्या फळीवरून काउंटरवर येतो आणि त्याचा भाव उतरतो.

२. नव्या रंगाचा, नव्या जातीचा अख्खा तागा पहिल्यांदा घ्यायचा नाही. आधी पाच-सहा मीटर. ते महिन्याभरात गेलं तरच पुढची खरेदी. थोडं घेतलं तर घाऊकवाला मीटरमागे दोन-चार रुपये जास्त लावतो. ते द्यायचे. फळीवर पडून राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतात.

३. उधारी वेगळ्या वहीत, आणि एका घराला एकच उधारी. जुनी फिटल्याशिवाय नवी नाही. बहीण असली तरी नाही.

४. हौसेचा डबा वेगळा. हा नियम मला सगळ्यात आवडतो. रोज शटर खाली ओढताना काकी १० रुपये एका स्टीलच्या डब्यात टाकतात. स्वतःला आवडलेलं कापड घ्यायचं तर या डब्यातून. गल्ल्याला हात नाही, गटाच्या पैशाला तर नाहीच. डब्यातले पैसे संपले की हौस पुढच्या महिन्यात.

दहा रुपयांनी काय होतं, असं कोणी म्हणेल. तर आपल्या शेजारच्या तळेगावची गोष्ट आठवा. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करायला सुरुवात केली, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठिंबा दिला, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एकेका पैशाचा! आपली बचत त्याच जातीची आहे. बँकांनी बचत गटांना कर्ज देण्याचा कार्यक्रम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केला, पण थोडं थोडं साठवून मोठं करणं मावळाला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

आपल्या हाताची किंमत

दुसरी चूक काकींच्या नाही, आपल्या सगळ्यांच्या वहीत आहे. शिलाई किती लावता, असं विचारलं की आपण म्हणतो, "शेजारची जेवढी लावते तेवढी." आता एका अस्तराच्या ब्लाउजचा हिशेब बघा. समजा शिलाई ३५० रुपये. त्यात अस्तर ६०, हुक-धागा-कॅनव्हास २०, वीज आणि मशीनची झीज १०, दुकानभाड्याचा वाटा ३०. एकूण १२०. उरले २३०. बेतण्यापासून काजं-हुकापर्यंत तीन तास लागले, तर तासाला साधारण ७७ रुपये. तोच ब्लाउज मापात चुकला, उसवून पुन्हा शिवायला एक तास गेला, तर तासाला ५८ सुद्धा पडत नाहीत.

काकी आता माप घेताना घाई करत नाहीत. "चालेल काकी, जुन्या मापाने शिवा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचंही माप पुन्हा घेतात. "पाच मिनिटं आत्ता, नाहीतर एक तास नंतर." आणि "उद्याच हवा" म्हणणाऱ्या मुलींना घाईचे ५० रुपये वेगळे लावतात. पहिल्या आठवड्यात दोघी रुसून गेल्या. दोघीही परत आल्या, कारण ब्लाउज अंगाला बसतो.

तुम्ही घरी शिवत असाल तर भाड्याचा वाटा नाही, पण तुमचे तास आहेतच. स्वयंपाक उरकून रात्री अकराला मशीनवर बसता, तो तास फुकट धरू नका.

कर्ज कशाला, किती

काकींचं म्हणणं सोपं आहे : जी वस्तू रोज कमावते, तिच्यासाठी लांब मुदतीचं कर्ज. जी वस्तू विकली जाईपर्यंत बसून राहते, तिच्यासाठी थोडं आणि थोड्या मुदतीचं. मशीन रोज चालतं, त्याचं कर्ज मशीनच फेडतं. ताग्याचं कर्ज गिऱ्हाईक फेडतं, आणि ते येईलच असं नाही.

शिवणकाम करणाऱ्या तायांसाठी एक माहिती. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ पारंपरिक कामांमध्ये शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज अशी सोय आहे. त्याची परतफेड १८ महिन्यांत करायची असते. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. अर्ज सध्या सुरू आहेत का आणि कागद कोणते लागतात, ते आपल्या सुविधा केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत विचारा. "नाव घालतो, पैसे द्या" असं म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

आणि १ लाख मिळतात म्हणून १ लाख घेऊ नका. लागतील तेवढेच घ्या.

बैठकीत करायचा अभ्यास

दोघी-दोघींच्या जोड्या करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याबरोबर लिहिणारी ताई बसेल.

१. तुमच्या व्यवसायात सहा महिन्यांपेक्षा जास्त पडून असलेला माल कोणता? खरेदीच्या भावाने किती रुपयांचा? (व्यवसाय नसेल तर घरात पडून असलेली, हप्त्याने घेतलेली वस्तू सांगा.)

२. त्यातला एक माल निवडा. आज कमी भावाने काढला तर हातात किती येतील? वर्षभर ठेवला तर व्याज किती जाईल?

३. तुमच्या एका कामाचे तास मोजा आणि तासाला किती पडले ते काढा. आकडा गटात मोठ्याने सांगा. लाजू नका, मी माझाही सांगणार आहे.

४. तुमची हौस कोणती? तिच्यासाठी रोज किती रुपये वेगळे ठेवता येतील?

चौथा प्रश्न गाळू नका. मागे एका गटात मी हा प्रश्न विचारला तर सगळ्या आधी गप्प बसल्या. मग एक आजी म्हणाल्या, "हौस? ती कोणी विचारली नव्हती गं आजवर." त्यानंतर अर्धा तास बैठक आटोपली नाही.

जाता जाता. मागच्या आठवड्यात दुकानावर गेले होते. फळ्या पूर्वीसारख्या छतापर्यंत भरलेल्या नाहीत, मधे मधे भिंत दिसते. मी फॉर्म काढला. काकी हसून म्हणाल्या, "काय लिहिणार मॅडम आता? दुकान रिकामं?" मी आधी चिठ्ठ्या बघितल्या, उधारीची वही बघितली, हप्त्यांचं पान बघितलं, आणि मग लिहिलं. तेवढ्यात काकींनी डबा उघडून दाखवला. त्यातून आणलेलं दोन मीटर खणाचं कापड, जांभळं, हिरव्या काठाचं. विकायला नाही. तुकडा वहीत चिकटवून झाला होता आणि उरलेल्याचं स्वतःसाठी ब्लाउज बेतणं चालू होतं.

पुढच्या बैठकीला आपापल्या वह्या घेऊन या. फळी मोजूनच या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक